दुसऱ्या मंगलाष्टकाला पडलेला स्विच

दुसऱ्या मंगलाष्टकाच्या ‘सावधान’ला अक्षता पडल्या आणि पंखे बंद झाले. माईकही गेला. भटजींचा आवाज हॉलभर घुमत होता, तो एकदम पुढच्या दोन रांगांपुरता उरला. मे महिन्यातली दुपार, वर पत्र्याचं छप्पर. जमलेल्या सगळ्या माणसांनी एकाच वेळी ‘अरे’ म्हटलं, ते मात्र माईकशिवायही नीट ऐकू आलं.

माझ्यासमोर अंतरपाट होता. त्याच्याखालून समोरच्या माणसाचे पाय तेवढे दिसत होते. उजव्या अंगठ्याला ठेच लागलेली होती आणि त्यावर वायरीला गुंडाळतात ती काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. लग्नाच्या दिवशी तरी माणसानं औषधाच्या दुकानातून पट्टी आणावी, असं माझ्या मनात चाललं होतं. तेवढ्यात ते पाय वळले आणि निघून गेले. खाली पाट तेवढा राहिला.

“नवरा कुठं निघाला?” मागून कुणीतरी विचारलं.

“सावधान म्हटल्यावर पळायची पद्धत हाय आपल्याकडं,” दुसऱ्यानं सांगितलं. “लई जुनी.”

मी हसले नाही. नवरीनं हसायचं नसतं, आणि मला हसूही येत नव्हतं.

त्यांचं नाव सुधाकर वरुटे. तेव्हा ते माझे अजून कुणी लागत नव्हते, म्हणून नाव घ्यायला हरकत नाही. इचलकरंजीत यंत्रमागांच्या मोटारी, स्टार्टर आणि रिले दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. मी तिथल्याच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. वडील लवकर गेले, त्यामुळे आमच्या घरात कुणी काय करायचं हे दादूमामा ठरवायचे. स्थळ त्यांनी आणलं, होकार त्यांनी दिला, मला आवडलंय हेही त्यांनीच वरुट्यांना कळवलं.

बघायला आले तेव्हा सगळी उत्तरंही मामांनीच दिली. माझं वय, उंची, स्वयंपाक, स्वभाव. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते आणि माझ्याबद्दल बरीच नवीन माहिती मिळत होती. शेवटी मामांना विचारायला काही उरलं नाही, तेव्हा ते म्हणाले, “पाव्हणं, ते रिले रिले म्हंत्यात ते नक्की काय असतंय वो?”

“साधं असतंय,” सुधाकर वरुटे म्हणाले. “तारंचं वेटोळं. त्यातनं वीज गेली की त्याचं लोहचुंबक हुतंय आणि ते लोखंडाची पट्टी वढून घेतंय. पट्टी बसली की मोटार चालू. वीज गेली की चुंबक गेलं, पट्टी सुटली, मोटार बंद.”

“आणि वीज आली की परत चालू,” मामा म्हणाले.

“न्हाई. वीज आली तरी आपणहून चालू हुत न्हाई. मुद्दाम तसं ठेवल्यालं असतंय. माग बंद पडला की माणूस धागा जोडायला आत हात घालतोय. तवर वीज आली आणि माग सुटला तर हात गेला. म्हणून कुणीतरी यायचं, बघायचं, इचारायचं, आणि मग बटण दाबायचं.”

मला हे ठाऊक होतं. एक्स्चेंजमध्ये आमच्या शेजारच्या खोलीत कपाटंच्या कपाटं भरून रिले होते. गावात कुणी नंबर फिरवला की ते पत्र्यावर गारा पडल्यासारखे वाजायचे. पण पोह्यांच्या बशा धरलेल्या मुलीला असलं काही ठाऊक आहे हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यात येण्यासारखं नव्हतं.

“आणि पट्टी चिकटूनच बसली तर?” मी विचारलं.

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की बशीतले पोहेही गार व्हावेत. सुधाकर वरुट्यांनीही तेव्हाच पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

“मग बंदच हुत न्हाई,” ते म्हणाले. “ते सगळ्यात वाईट. तुमाला म्हाईत हाय वाटतं.”

“तिला काय म्हाईत! पोहे घ्या, पोहे घ्या,” मामा म्हणाले.

पुढे बैठकीत मामांनी वरुट्यांच्या लोकांना सांगून टाकलं की मुलगी लग्नानंतर नोकरी करणार नाही, तिचीच तशी इच्छा आहे. माझी ही इच्छा मला लग्नाच्या आठवडाभर आधी कळली. राजीनामा लग्न झाल्यावर लगेच द्यायचा, हेही ठरलेलं होतं. मी स्वयंपाकघरात रडले. ती खुर्ची, तो कानाला लावायचा हेडफोन, अख्ख्या तालुक्याचे नंबर तोंडपाठ असणं, हे सगळं माझं होतं, आणि माझं म्हणावं असं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. आई म्हणाली, “एकदा अक्षता पडू देत, मग बघू.” आमच्या घरात न बघायच्या सगळ्या गोष्टी अक्षता पडल्यावर बघायच्या असत.

तर अक्षता पडल्या, आणि पंखे बंद झाले.

कार्यालयाचा मुख्य बोर्ड स्टेजच्या कडेला, स्वयंपाकघराच्या दाराशी होता. सुधाकर वरुटे तिथं पोचले होते. मुंडावळ्या डोळ्यांत येत होत्या म्हणून त्यांनी त्या दोन्ही कानांवर मागे टाकल्या होत्या. कार्यालयाचे मॅनेजर रंगराव त्यांच्या शेजारी अगदी शांत उभे होते.

“काळजी करू नका पाव्हणं,” रंगराव म्हणाले. “ह्यो स्विच दर लग्नात पडतोय. दुसऱ्या न्हाईतर तिसऱ्या अष्टकाला. मालकांनी हौसेनं नवा बसवलाय, कुणाला करंट लागू नये म्हणून. बारशाला पडत न्हाई, मिटिंगला पडत न्हाई. लग्न तेवढं सोसत न्हाई त्याला.”

“मग काय करता?”

“डायरेक्ट करतो की. स्विच चुकवून तारंनं जोडायचं.”

बोर्डाशेजारी एक खिळा होता आणि खिळ्याला वीतभर जाड तार लटकवलेली होती. दोन्ही टोकं सोलून तयार. खंडेनवमीला तिलाही हळदकुंकू लागलेलं दिसत होतं.

मामांचा एक पुतण्या पुढे झाला. त्यानं स्विचची दांडी वर केली. पंखे अर्धा वेढा फिरले आणि दांडी परत पडली. त्यानं ती पुन्हा वर केली आणि अंगठ्यानं दाबून धरली. दांडी वर होती, त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि पंखे तसेच थांबलेले.

“धरून उपेग न्हाई,” सुधाकर वरुटे म्हणाले. “आतनं सुटल्याला असतोय. धरणाऱ्याचं ऐकायचं न्हाई, असाच केल्याला असतोय तो.”

“अवो पण का पडतोय?” रंगरावांनी विचारलं.

“जेवढी वीज आत गेली तेवढी परत आली पायजे. वाटंत थोडी जरी कुठं हरवली की ह्यो पडतोय. म्हंजे कुठंतरी हरवतीय.”

“हरवू दे की,” मामा स्टेजवरून ओरडले. “बिलात बघू आपण! रंगराव, डायरेक्ट करा! मुहूर्त चाललाय!”

मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं असतं. दादूमामा माझ्या पाठीशी उभे होते, आणि उभं राहून गुडघे दुखतात म्हणून त्यांनी सगळा भार मागच्या खुर्चीवर टाकला होता. ही खुर्ची म्हणजे कार्यालयाचं वैभव. लोखंडी सांगाडा, त्यावर लाल मखमल, वर मोराचा पिसारा आणि पिसाऱ्यात रंगीत दिव्यांची माळ. अक्षता पडल्यावर नवरानवरीनं तीत बसायचं आणि लोकांनी फोटो काढायचे. खुर्चीमागे दिव्यांसाठी एक पत्र्याचा बोर्ड सांगाड्याला तारेनं बांधून जमिनीवर उताणा टाकलेला होता.

मी त्या खुर्चीकडे बघितलं, आणि मला माझा हात आठवला.

पहिलं मंगलाष्टक संपलं, अक्षता पडल्या, तेव्हा मी आधारासाठी खुर्चीच्या हातावर हात टेकला होता. हाताला मुंग्या आल्या. मी हात काढून घेतला आणि आईला हळूच सांगितलं. आई म्हणाली, “लग्नात येत्यात मुंग्या. मलाबी आल्या हुत्या.” मामा मागून म्हणाले, “मला तर रोज येत्यात. साखर हाय.” दोघांच्या सांगण्यानं माझं समाधान झालं होतं. लग्नात माणसाचं कशानंही समाधान होतं.

रंगरावांनी खिळ्यावरची तार काढली. मामांनी खुर्चीवर आणखी रेलून दोन्ही हातांनी तिचे हात धरले.

“मामा, खुर्ची सोडा!” मी म्हणाले.

“काय?”

“खुर्ची सोडा म्हणते ना! आधी बाजूला व्हा!”

मी जन्मात मामांना काही सोडा म्हटलं नव्हतं. मामांनाही ते ऐकायची सवय नव्हती, त्यामुळे ते दचकून खरोखरच बाजूला झाले. भटजी म्हणाले, “नवरीनं मध्ये बोलू नये.” मी अंतरपाट हातानं बाजूला सारला आणि नंबर लावून देताना लावायचे त्या आवाजात हॉलच्या पलीकडच्या टोकापर्यंत सांगितलं, “खुर्चीला हात लावला की मुंग्या येतात!”

सुधाकर वरुट्यांनी रंगरावांचं मनगट धरलं. तार खाली पडली.

“सगळे स्टेजवरनं उतरा,” ते म्हणाले. “सगळे. भटजी, तुमीबी.”

आम्ही उतरलो. नवरी, नवरीची आई, मामा, अंतरपाट धरलेले दोघे, अंतरपाटासकट. भटजी सगळ्यात पुढे होते. मामांचं वजन निघालं तशी खुर्चीही पुढे सरकली होती. आतापर्यंत तिचा मागचा पाय स्टेजच्या लोखंडी नळीला टेकत होता, तो सुटला, आणि विजेची नळीतून जमिनीत जायची वाटही सुटली. सुधाकर वरुट्यांनी पुतण्याला दांडी वर करायला सांगितली. या वेळी ती वर राहिली. पंखे फिरायला लागले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“वाजवू नका,” ते म्हणाले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. लग्नाच्या कोटात लोक अत्तराची बाटली ठेवतात. त्यांनी टेस्टर काढला, पायात कुणाच्या तरी रबरी चपला घातल्या, वर चढले आणि टेस्टरचं टोक खुर्चीच्या सांगाड्याला लावलं.

टेस्टरचा दिवा लाल लागला.

पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावला. सुधाकर वरुट्यांनी दांडी पाडायला लावली, खाली बसले आणि खुर्चीमागचा तो उताणा बोर्ड उचलून उलटा केला. त्यातून अक्षता पडल्या. लालभडक, ओल्या, एकमेकींना चिकटलेल्या. बोर्ड आपटला तशा आणखी पडल्या. वाळलेल्याही होत्या, त्या आमच्या लग्नातल्या नव्हत्या.

“ह्या वल्या अक्षतांतनं वीज खुर्चीत उतरतीय. एवढ्या वल्या कशापायी?” त्यांनी विचारलं.

रंगरावांची बायको स्वयंपाकघराच्या दारात आली होती. अक्षता तीच करायची. “वल्या केल्या की उडत न्हाईत वो,” ती म्हणाली. “सगळ्या स्टेजवरच पडत्यात. झाडायला सोप्या जात्यात.”

ते बरोबर होतं. त्या कार्यालयात लग्न लागल्यावर झाडायला खरंच फार वेळ लागत नसे.

“म्हंजे,” रंगराव हळूहळू म्हणाले, “आमी तार लावायचो, आणि नवरानवरी ह्या खुर्चीत बसायची.”

“हां.”

“बसली की दचकायची वो दोघंबी. दर लग्नात. आमाला वाटायचं, लाजत्यात.”

“नशीब तुमचं,” सुधाकर वरुटे म्हणाले. “एखाद्या दिवशी उठलीच नसती.” मग ते मामांकडे वळले. “तार लावली असती तर आज तुमाला खुर्चीनं सोडलं नसतं, मामा.”

मामांनी आपले दोन्ही तळहात उघडून बघितले. “म्हंजे मघाची ती साखर न्हवती?”

“साखर न्हवती.”

मामा पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. आईनं त्यांना पाणी दिलं, मग माझ्याकडे बघितलं आणि एकदम माझा हात घट्ट धरला. मला तेव्हा कळलं की मघाशी मी ओरडले नसते तर काय झालं असतं, आणि मीही तिचा हात सोडला नाही.

खुर्ची उचलून बाहेर नेली. बोर्डही काढून टाकला. दांडी वर केली ती वर राहिली, पंखे फिरले, माईक गुणगुणला. भटजींनी घड्याळ बघितलं आणि मुहूर्ताची थोडी वेळ बाकी आहे असं जाहीर केलं. आम्ही परत वर चढलो. अंतरपाट धरला गेला. त्याच्याखाली काळ्या चिकटपट्टीचा अंगठा पाटावर येऊन उभा राहिला. मामा माझ्या पाठीशी आले, पण हात खिशात घालून.

“तिसऱ्यापासून घेतो,” भटजी माईकमध्ये म्हणाले आणि त्यांनी घसा साफ केला.

“थांबा,” अंतरपाटापलीकडून आवाज आला.

भटजी थांबले. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की या लग्नाचं त्यांना आता पुरे झालं होतं.

“हेमलता,” तो आवाज म्हणाला. माझं नाव त्या घरच्या कुणी माझ्याशी बोलताना पहिल्यांदाच घेतलं होतं. “एकदा बंद पडलंय. आता आपणहून चालू व्हायला नको. तुमी सांगा. चालू करायचं का?”

“करायचं, करायचं,” मामा म्हणाले. “करा सुरू.”

“मामा, तुमाला न्हाई इचारलं.”

हे तो आवाज काही उद्धटपणे म्हणाला नाही. गिऱ्हाइकाला, तुमचा नंबर नंतर आहे, असं सांगावं तसं म्हणाला. भटजींनी माईकवर हात ठेवला. मग पुढचं ऐकायची त्यांनाही इच्छा झाली असावी, कारण त्यांनी हात काढून घेतला.

मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला. इतक्या वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा सगळं गाव ऐकत होतं. काय बोलायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. मी माझ्या पायाशी पडलेल्या त्या ओल्या अक्षता बघत होते आणि आईचं वाक्य मला आठवत होतं. अक्षता पडल्या होत्या. मग आता बघायलाच हवं होतं.

“मी एक्स्चेंजची नोकरी सोडणार नाही,” मी म्हणाले.

ते माईकमधून गेलं. मागच्या रांगेतलं कुणाचं तरी लहान मूल तेवढं रडत होतं, बाकी हॉलमध्ये पंख्यांचाच आवाज. मी तो काळा अंगठा बघत होते. तो हलला नाही. माझ्या मनानं घेतलं, झालं, हे पाय आता पुन्हा वळणार.

“मला तर सांगितलं, तुमचीच इच्छा न्हाई म्हणून,” तो आवाज म्हणाला.

“माझी इच्छा मला कुणी विचारली नाही.”

मामा मागे खोकले. सुधाकर वरुट्यांच्या आईनं त्यांच्या बाजूनं काहीतरी म्हटलं, पण ते माईकपर्यंत पोचलं नाही.

“मी इचारायला पायजे हुतं,” तो आवाज म्हणाला. “ऱ्हाऊ दे नोकरी. आणि काय?”

“आणखी काही नाही.”

“मग?”

“करा चालू,” मी म्हणाले.

“भटजी, घ्या,” ते म्हणाले. “पण पहिल्यापासून.”

भटजींनी निमूटपणे पहिल्यापासून घेतलं. रंगरावांच्या बायकोनं स्वयंपाकघरातून कोरडे तांदूळ आणून वाटले. त्यांना कुंकू लावायलाही वेळ नव्हता. त्या कोरड्या अक्षता सगळ्या हॉलभर उडाल्या, बायकांच्या अंबाड्यांत, वाजंत्रीवाल्यांच्या ढोलावर, मामांच्या कॉलरच्या आत. संध्याकाळपर्यंत रंगरावांची बायको झाडत होती आणि कुणालातरी उद्देशून बोलत होती.

मी पुढे निवृत्तीपर्यंत नोकरी केली. एक्स्चेंजमधले रिले गेले, त्यांच्या जागी गप्प बसणारी यंत्रं आली, तोपर्यंत मी तिथंच होते. दादूमामा अजून आहेत. पोरीनं नोकरी सोडायची नाही ही अट आपणच घातली होती, असं ते सांगतात, आणि आता त्यांना कुणी अडवत नाही. साखर मात्र त्यांची खरोखरच आहे.

शेवटच्या ‘सावधान’ला वाजंत्री वाजायला लागली आणि अंतरपाट खाली आला. सुधाकर वरुट्यांनी आधी मान वर करून पंखा फिरतोय का ते बघितलं. मग त्यांनी बोर्डाकडे बघितलं, दांडी वर होती. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आधीपासून त्यांच्याकडेच बघत होते.